मंगळवेढ्याचा पाहुणा

आमच्या घरात एकही झुरळ नाही!

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही दबाव नसताना लिहितो आहे. पटत नसेल तर कधीही न सांगता या आणि ओट्याखालचा कप्पा उघडून बघा. एवढ्या ठामपणे बोलणारी माणसं सोलापुरात दोनच. एक मी, आणि दुसरा 'उद्या नक्की पाणी येणार' म्हणणारा. त्याचं कधीकधी चुकतं.

माझं नाव दिग्विजय. या नावाच्या माणसाच्या घरात झुरळं असणं बरं दिसत नाही, असं माझी बायको दिपाली म्हणते. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कसर, वाळवी, उंदीर आणि प्राध्यापक या चौघांपासून पुस्तकं वाचवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, दिपालीनं स्वयंपाकघरातून किंकाळी फोडली तेव्हा मी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"झुरळ!" ती म्हणाली. "भाकरीच्या डब्यावर!"

मी जाऊन बघितलं. होतं. डब्याच्या झाकणावर मधोमध, मिशा हलवत, घरमालक भाडेकरूकडे बघतो तसं माझ्याकडे बघत होतं.

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. "गुरुवारपर्यंत नायनाट!"

आता त्या डब्याबद्दल सांगायला हवं. दिपाली कडक भाकरीचा व्यवसाय करते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, पापडासारखी कडक वाळवायची. मग ती महिनाभर टिकते. तिला शत्रू दोनच, ओल आणि दचका. थापते माझी आई, केराबाई. भाजते दिपाली. मी चव बघतो. आईचं माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळे ज्वारी तिकडचीच लागते. दुसरी आणली तर ती परातीला हात लावत नाही.

दोन वर्षं दिपाली ओळखीपाळखीत दहा-वीस भाकरी विकत होती. या वेळी पहिल्यांदा मोठी ऑर्डर आली होती. पुण्यात सोलापुरी वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या अक्षताताईंना चारशे भाकरी हव्या होत्या. शुक्रवारी त्या स्वतः येणार होत्या. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "मी माल बघते आणि माल होतो ती जागा बघते. जागा पसंत पडली तर दर महिन्याला चारशे." दिपालीनं कॅलेंडरवर तो शुक्रवार लाल शाईनं, पाण्याच्या दिवसापेक्षाही मोठ्या अक्षरात लिहिला होता. सोलापुरात याहून मोठा मान कशालाच मिळत नाही.

आणि त्या जागेत झुरळं!

मी शास्त्रोक्त पद्धतीनं सुरुवात केली. सोमवारी बोरिक पावडर, साखर आणि कणीक मळून गोळ्या केल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. सकाळी सगळ्या संपलेल्या. म्हणजे गोळ्या! मंगळवारी काकडीची सालं ठेवली. वासानं झुरळं पळतात असं मी वाचलं होतं. ती पळाली नाहीत, उलट नातेवाइकांना घेऊन आली. बुधवारी औषधी खडूनं ओट्यावर रेघा मारल्या, तर एक झुरळ त्या रेघेवरून सरळ, कुठेही न वळता, शिस्तीत चालत गेलं. आमच्या शहरातल्या रहदारीत अशी शिस्त मी अजून पाहिलेली नाही.

आईनं कंबरेवर हात ठेवले. "दिग्या, तू ती मारतुयास का पाळतुयास रं?"

"आई, अभ्यास चाललाय."

"तुजा अभ्यास हुईस्तोवर ती बाई येऊन जाईल की!"

शेवटी दिपालीनं एक नंबर माझ्यापुढे ठेवला. झुरळांचं औषध मारणारे शिवयोगी. पण अट घातली, "गल्लीत कुणाला कळता कामा नये! खायचं विकणाऱ्या घरात झुरळं आहेत हे मल्लप्पांना कळलं, की अर्ध्या तासात विजापूर वेशीपर्यंत कळेल."

मल्लप्पा समोर राहतात. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या नळाला किती पाणी आलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

मी शिवयोगींना फोन लावला.

"उद्या गुरुवारी येतो सर," ते म्हणाले. "खायचं सगळं बाहेर काढायचं. माणसं बाहेर. सहा तास घर बंद."

"वास येतो का?"

"येत नाही सर. थोडा येतो. तेवढा आला नाही तर गिऱ्हाइकाला औषध मारल्यासारखं वाटत नाही."

"हे बघा, पंप पाठीवर घेऊन येऊ नका. पाहुण्यासारखे या."

"म्हणजे कसं सर?"

"चांगले कपडे घालून!"

शिवयोगी शब्दाचे पक्के निघाले. गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते रिक्षातून उतरले ते थेट साखरपुड्याला निघाल्यासारखे! रेशमी सदरा, जरीकाठी उपरणं, कपाळाला विभूती. आणि खांद्यावर, सोलापुरी चादरीत नवजात बाळासारखा गुंडाळलेला, पंधरा लिटरचा पंप.

समोरच्या खुर्चीतून आवाज आला. "पाव्हणं आले की! कुटलं?"

"मंगळवेढ्याचे," मी म्हणालो. खोटं बोलायचं तर आईचं माहेर जवळचं वाटलं.

पण मल्लप्पांचं लक्ष त्या विभूतीकडे गेलं होतं. त्यांनी थेट कानडीत विचारलं, "याव ऊरु?"

"अक्कलकोट री," शिवयोगी प्रामाणिकपणे म्हणाले. कुठलं गाव हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

मल्लप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"मूळचे अक्कलकोटचे," मी म्हणालो. "मंगळवेढ्यात दिलेत."

"गड्याला दिलंय?"

"घरजावई आहेत."

"असं, असं. आन् चादरीत काय?"

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. "गॅसची टाकी," मी म्हणालो. "आमची संपली. यांच्याकडे जास्तीची होती."

"सासरची टाकी घिऊन आला?" मल्लप्पा हळहळले. "लई गुणाचा जावई हाय की!"

घरात शिवयोगींनी उपरणं काढून खुंटीला लावलं आणि पाहुण्याचे मालक झाले. भांडी पलंगावर ठेवून प्लॅस्टिकनं झाका! पिठं बाहेर! खिडकीची वरची झडप उघडी ठेवा! "आणि मोरीचं भोक बंद करा सर. सगळी तिथनंच पळतात." मी जुना टॉवेल घेतला, पिळा दिला आणि टाचेनं भोकात असा ठोकून बसवला, की आता त्यातून झुरळच काय, हवासुद्धा जाणार नव्हती. टॉवेल सोलापुरी. माझा अभिमान समजून घ्या.

बाहेरगावच्या वाचकांना इथं एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळे नळ बंद ठेवायची पद्धत नाही. नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पातेलं मांडायचं. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, मग खोकतो, मग पातेल्यात पहिली धार पडते, टण्ण! त्या आवाजानं सोलापूरचा माणूस भूल दिलेली असली तरी उठून बसेल. आमची पाळी होती शुक्रवारी. आज गुरुवार. दिपालीनं सगळ्या भांड्यांबरोबर नळाखालचं पातेलंही पलंगावर नेऊन ठेवलं. नळाकडे कुणीच बघितलं नाही. गुरुवारी नळाकडे कोण बघतो?

आता प्रश्न चारशे भाकरींचा. औषधाच्या घरात ठेवता येत नाहीत. शेजारी ठेवाव्यात तर 'का?' म्हणून विचारणार. आईनं तोडगा काढला. "सा तास भायेरच काडायचं तर अक्कलकोटला जाऊ या. स्वामींचं दर्शन हुतंय, भाकरीबी संगं येत्यात."

अशा रीतीनं पत्र्याचे चार डबे घेऊन आम्ही तिघं निघालो. शिवयोगी औषध मारून मागच्या दारानं बोळातून जाणार होते. ते दार ओढलं की आपोआप लागतं. पुढच्या दाराला मी कुलूप लावत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"निगालात? आन् पाव्हणं?"

"आराम करतायत."

"घरजावयाला कोंडून निगालात?"

"त्यांना एकांत आवडतो," मी म्हणालो. मल्लप्पांना हे पटलं. घरजावई म्हटल्यावर एकांत आवडणारच, असं काहीतरी ते पुटपुटले.

अक्कलकोटच्या एसटीत आम्ही एकेक डबा मांडीवर घेतला. चौथ्या डब्याला खिडकीची जागा दिली. कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय, काचसामान?" दिपाली म्हणाली, "त्याहून नाजूक." दर खड्ड्याला आई डबा छातीशी धरून 'स्वामी समर्थ' म्हणायची. अक्कलकोट येईपर्यंत तिचा जप पूर्ण झाला होता. तिथं गर्दी इतकी, की आम्ही पाळीपाळीनं दर्शन घेतलं आणि पाळीपाळीनं डब्यांवर पहारा दिला. फोन आवाज बंद करून आईच्या कापडी पिशवीत, चपलांच्या खाली होते. प्रसाद घेतला, सावलीत बसलो. दिपाली कितीतरी दिवसांनी हसली. "उद्या स्वयंपाकघर असं चकचकीत करते, की अक्षताताईंना ओट्यात तोंड दिसेल!" ती म्हणाली.

दुपारी चार वाजता सोलापूर स्टँडवर उतरलो तेव्हा मी फोन काढला. मल्लप्पांचे तेवीस कॉल. अक्षताताईंचे सहा.

मी मल्लप्पांना फोन लावला.

"अवो कुटं हाय तुमी!" ते ओरडले. "पाव्हणं आत हायत!"

"कोण पाहुणे?" मी विचारलं.

"तुमचं मंगळवेढ्याचं!"

"मंगळवेढ्याचं आमच्याकडे कुणीही..." एवढं बोलल्यावर मला सगळं आठवलं. "त्यांचं काय?"

"दोन तास नळ चालू हाय आत! पानी एक दीस आदीच आलं की आज! मला वाटलं आंगूळ करत्यात. पर दोन तास? मंगळवेढ्याचा मानूस दोन तास पानी सोडंल व्हय? हाक मारली तर ओ न्हाय. खिडकीला नाक लावलं, तर लई वास! ती टाकी लीक झालीया! गल्लीत बिडीसुदिक पेटवू देत न्हाय मी कुनाला! आता पहार घिऊन दारच फोडतुय!"

"मल्लप्पा, ऐका. पाहुणे मघाशीच गेले. मागच्या दारानं."

"पाव्हणा मागच्या दारानं कशाला जाईल?"

बिनतोड सवाल होता.

"आन् हितं पुन्याच्या एक बाई हायत," ते पुढे म्हणाले. "एक दीस आदी आल्यात. तुमचा आवाज मोट्ट्यानं लावलाय, त्याबी ऐकत्यात. नमस्कार म्हनत्यात."

मी हळूच म्हणालो, "नमस्कार."

खरं सांगावं तर अक्षताताई ऐकतायत. न सांगावं तर दार जातंय. "दार मोडू नका, किल्ली घेऊन येतोय!" एवढंच बोलून मी फोन ठेवला.

रिक्षात दिपाली एक शब्द बोलली नाही. मी बावीस वर्षं वाचनालयात काढली आहेत, मला शांततेचे प्रकार कळतात. हा नवीन होता. डब्यावर दोन्ही हात घट्ट ठेवून ती समोर बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "दोन वर्षं."

गल्लीत सगळी गल्ली उभी होती. मल्लप्पा आमच्या दारासमोर पहार उगारून तयार. उंबऱ्याखालून पाण्याची बारीक धार येत होती आणि तिच्याकडे लोक, दागिने चोरीला चाललेत अशा नजरेनं बघत होते. बाजूला डोळ्यांवर गॉगल चढवलेल्या, साडी वितभर वर धरलेल्या एक बाई. अक्षताताई!

मी किल्ली काढली. आणि हात थांबला. सहा तास औषध खाल्लेली आमची समस्त झुरळं आत होती, मोरीचं भोक मी स्वतः टाचेनं बंद केलं होतं आणि दोन तास पाणी चालू होतं. हे दार उघडलं की काय बाहेर येणार, याचं चित्र डोळ्यांपुढे स्पष्ट उभं राहिलं.

"उगडा की!" मल्लप्पा किंचाळले. "मानसाचा जीव जातुय आत!"

"एक मिनिट. कुलूप अडकतंय," मी म्हणालो. किल्ली अजून कुलपात गेलीच नव्हती.

दिपालीनं माझ्या हातातून किल्ली घेतली. अक्षताताईंकडे वळली.

"आत कुणी माणूस नाही," ती म्हणाली. "आत झुरळं आहेत. होती. सकाळी औषध मारलं. पाहुणे नव्हते ते, औषधवाले होते. टाकी गॅसची नव्हती, औषधाची होती. भाकरी घरात नव्हत्या, सकाळपासून आमच्या मांडीवर आहेत. बघायचं ते बघून घ्या."

आणि तिनं दार उघडलं.

पाणी आधी उंबऱ्याशी थबकल्यासारखं झालं आणि मग एकदम बाहेर आलं. पाण्यावर झुरळं. उताणी, पाय जुळवून, मिशा सरळ, ओळीनं, कसलीही गडबड न करता गल्लीत उतरली. पायरीवरून एकेक खाली जाताना बँडच काय तो नव्हता! गल्ली दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून वाट दिली. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"पाण्याबरोबर आलेली दिसतात," मी म्हणालो.

"नळातनं?" मल्लप्पांनी विचारलं.

त्यांनी स्वतः पुढे होऊन, धोतर खोचून, आत जाऊन नळ बंद केला. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, पाहुणा सुखरूप म्हणून. पण ते म्हणाले, "दोन तासाचं पानी! पाच दिवस पुरलं असतं वो!" पाहुणा नसल्याचं दुःख त्यांना झालं नव्हतं. पाणी गेल्याचं ते आजही विसरलेले नाहीत.

अक्षताताईंनी गॉगल काढला. पायरीवर उताणं पडलेलं एक झुरळ छत्रीच्या टोकानं बाजूला केलं. "डबा उघडा," त्या म्हणाल्या.

आईनं ओसरीच्या कट्ट्यावर, कोरड्या जागी डबा ठेवला आणि झाकण काढलं. अक्षताताईंनी मधली एक भाकरी उपसली, उजेडात धरली, पुढे-मागे बघितली आणि मोडली.

कट्ट!

तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. दिपालीचा श्वास कुठेतरी अडकला होता, माझाही. आईचा तेवढा नीट चालू होता. तिला आपल्या थापण्यावर भरवसा होता.

"मी दहा घरांतून माल घेते," अक्षताताई सावकाश म्हणाल्या. "दहाही जणी म्हणतात, आमच्याकडे झुरळ नावाला नाही. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि पुरावासुद्धा दाखवलात." त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "दर महिन्याला चारशे. आणि त्या घरजावयाचा नंबर द्या. माझ्या दुकानात मेली दिवसाढवळ्या हिंडतात."

दिपाली तिथेच पायरीवर, पाण्यात, मटकन बसली आणि हसायला लागली. मीही बसलो. ओलं व्हायचं आता काही शिल्लक नव्हतं.

मग गल्लीला कंठ फुटला. "दिपाली, मलाबी दी की त्यो नंबर," शेजारच्या निंगव्वा म्हणाल्या. "फ्रिजच्या मागं नुसती जत्रा भरलीया." तिसऱ्या घरातून कुणी म्हणालं, आमच्याकडं देवघरात. पाचव्या घरातून, मिक्सरमध्ये. एकमेकांपासून वर्षानुवर्षं लपवलेली झुरळं त्या संध्याकाळी मोकळ्या मनानं बाहेर आली. सगळे घरी गेल्यावर मल्लप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"दिग्विजय," ते कानाशी कुजबुजले, "मागच्या दारानं येतो का वो त्यो?"

घराचं म्हणाल तर काही बिघडलं नव्हतं. भांडी पलंगावर, पिठं बाहेर. फरशी तर आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या मूळ रंगात दिसली. अक्षताताईंनी आत येऊन जागा बघितली आणि "फारच स्वच्छ" असा शेरा दिला. भाकरी पुण्याला गेल्या. शिवयोगींचं उपरणं मात्र खुंटीवरच राहिलं होतं.

दिवेलागणीला आईनं आपली कापडी पिशवी कट्ट्यावर झटकली. चपला पडल्या. अंगाऱ्याची पुडी पडली. आणि पुडीमागून, मिशा साफ करत, ते बाहेर आलं. सोमवारी डब्यावर बसलेलंच ते. मला चेहरा ओळखू येतो. आमच्याबरोबर एसटीनं गेलं होतं आणि आमच्याबरोबर परत आलं होतं. सगळ्या खानदानात एकटंच वाचलं होतं.

मी चप्पल उचलली.

"थांबा!" दिपालीनं माझा हात धरला. "गुरुवार आहे. आणि ते अक्कलकोटहून आलंय."

"सगळ्यांच्या आदी दर्शन त्यालाच झालं आसंल," आई म्हणाली. "पिशवी मीच आत नेलती."

मी चप्पल खाली ठेवली. ते शांतपणे फ्रिजच्या मागे गेलं.

तेव्हा मी सुरुवातीला लिहिलं ते शब्दशः खरं आहे. आमच्या घरात एकही झुरळ नाही. जो एक आहे, तो पाहुणा आहे. मंगळवेढ्याचा.